अहिल्याबाईंचा दानधर्म: पैसा कुणाचा, पुण्य कुणाचं?

मृदुला_ठाणे

मंडळी, हा धागा आमच्या घरातल्या भांडणातून आलाय हे आधीच सांगून टाकते.

सासूसासऱ्यांना घेऊन काशीला गेलो होतो. विश्वनाथाच्या नव्या कॉरिडॉरमधे अहिल्याबाईंचा पुतळा आहे, तिथे सासूबाई थांबल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, देवाचं दर्शन हिच्यामुळे होतंय बाई. झालं. आमचे अहो लगेच म्हणाले, "आई, राणीच ती, तिला काय, खजिना होता, बांधली देवळं. शेतकऱ्याच्या साऱ्यातून बांधली ना, खिशातून थोडीच." सासूबाई मणिकर्णिकेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. सासरे मधल्या मधे गंगेकडे बघत बसले.

मला दोघांचं थोडं थोडं पटलं म्हणून विचारतेय. अहिल्याबाई होळकरांनी काशी, गया, सोमनाथ, कुठे कुठे बांधकामं केली हे आपण शाळेपासून ऐकतो. पण पैसा नक्की कुठून आला? राज्याचा की स्वतःचा? आणि आज त्यातलं काय उरलंय, म्हणजे नाव उरलंय की काम? त्रिशताब्दी झाली, जिल्ह्याला नाव दिलं, विमानतळाला नाव आधीपासूनच आहे, तरी त्यांनी केलं काय असं कुणी विचारलं तर "देवळं बांधली" च्या पुढे माझीच गाडी जात नाही. जाणकारांनी लिहा.

चहाबिस्कीट

जागा धरून ठेवतो. सासूबाई बोलायला लागल्या का ते आधी सांगा.

मृदुला_ठाणे

मुगलसरायला चहा घेताना बोलल्या. मुलाशी नाही, माझ्याशी.

सराफ्यातला

इंदूरचा माणूस आहे, त्यामुळे ह्या विषयावर गप्प बसणं मला जमणार नाही, आधीच माफी मागतो.

मृदुलाताई, तुमच्या मिस्टरांच्या प्रश्नाला उत्तर आहे आणि त्याचं नाव "खासगी". होळकरांच्या दौलतीत दोन खाती होती. एक दौलत, म्हणजे सरकारी खजिना, त्यातून फौज, कारभार, पेशव्यांचा हिशेब. दुसरी खासगी. मल्हाररावांनी (अहिल्याबाईंचे सासरे) माळवा मारला पण घरच्या बाईचं काय, म्हणून १७३४ साली पेशव्यांकडून गौतमाबाईंच्या नावानं वेगळी जहागीर झाली. ती बाईची. नवऱ्याला सुद्धा त्यात हात घालायचा नाही. गौतमाबाई १७६१ ला गेल्या आणि खासगी सुनेकडे, म्हणजे अहिल्याबाईंकडे आली. देशभरातला जो दानधर्म आपण म्हणतो तो मुख्यतः ह्या खासगीतून झाला. म्हणजे आजच्या भाषेत राणीसाहेबांचं पर्सनल अकाउंट.

आमच्याकडे एक गोष्ट सांगतात, खरी खोटी देव जाणे. राघोबादादांनी खजिन्यातून पैसे मागितले तेव्हा बाई म्हणाल्या की खासगीवर मी तुळशीपत्र ठेवलंय, ते आता दानाचं झालं, तुम्ही ब्राह्मण आहात तर संकल्प सोडून दान म्हणून देते, घ्या. राघोबा काय घेणार! असा नकार द्यायला अक्कल लागते भिया.

तिरपागडा

सराफ्यातले भाऊ, माहिती छान, पण मूळ प्रश्न तिथेच राहिला. खासगी जहागीर म्हणजे काय, गावं. गावात कोण, कुणबी. तो सारा भरणार, तो सारा बाईंच्या खात्यात जाणार. खात्याचं नाव दौलत असो की खासगी, घाम त्याच माणसाचा. मग खरगोण बाजूच्या शेतकऱ्याच्या पैशानं गयेला देऊळ का? त्याच्या गावात विहीर का नाही?

(मी अहिल्याबाईंच्या विरोधात नाही, आधीच सांगतो, नाहीतर आता लोक बाह्या सरसावून येतील.)

कोकणी_फणस

बाह्या सरसावल्या आहेत, पण वाचून मग येतो.

शांभवी_के

एवढ्या गंभीर धाग्यात माझं हे बारीकसं. सहावीत वेशभूषा स्पर्धा होती. वर्गात पाच जिजाबाई, चार झाशीच्या राण्या, म्हणून आईनं मला अहिल्याबाई केलं. पांढरं पातळ, डोक्यावर पदर, आणि हातात पिंड पाहिजे. पिंड आणायची कुठून, म्हणून आईनं कणकेची केली आणि काळा रंग दिला. मे महिना नव्हता तरी स्टेजवर उभं राहून राहून ती हातातच बसली. परीक्षकांनी विचारलं हातात काय आहे बाळा, मी म्हटलं पोळी. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

आता कळतंय की त्या चित्राशिवाय मला त्यांच्याबद्दल काही माहीत नव्हतं. त्यामुळे धाग्याबद्दल आभार.

बारववाला

तिरपागडा, तुमचा प्रश्न मला आवडला म्हणून सविस्तर लिहितो. "त्याच्या गावात विहीर का नाही" असं विचारलंत ना, तर विहिरी आहेत. प्रॉब्लेम असा आहे की देवळाचा फोटो छापला जातो, विहिरीचा नाही. देऊळ वर असतं, विहीर खाली.

आम्ही आठदहा जण नगर जिल्ह्यात (हो हो अहिल्यानगर, तोंडाला अजून सवय नाही) जुन्या बारवा (पायऱ्यांच्या दगडी विहिरी) साफ करतो. गेल्या उन्हाळ्यात एक घेतली. वरून बघितली तर पिंडीच्या आकाराची, तिन्ही बाजूंनी पायऱ्या, कोनाडे, आणि एका अंगाला मोटेचं थारोळं अजून शाबूत, दगडावर सोलाच्या (मोटेच्या दोराच्या) घासण्याच्या खुणा. पहिले तीन रविवार नुसता गाळ. काय काय निघालं सांगू, प्लास्टर ऑफ पॅरिसचे दोन गणपती, सायकलची रिम, गुटख्याच्या पुड्या पोतंभर, आणि एक मोबाईल ज्याचा मालक अजून सापडलेला नाही. पाचव्या रविवारी तळाला ओल लागली. गावातले एक आजोबा काठी टेकत आले, म्हणाले बहात्तरच्या दुष्काळात हिनं गाव जगवलं, नंतर बोअर आले आणि आम्ही हिच्यात कचरा टाकायला लागलो.

गावात कुणालाही विचारा, बारव अहिल्यादेवींची. शिलालेख नाही, कागद नाही. खरंच त्यांची आहे का मला माहीत नाही. पण रस्त्याकडेला, जिथे देवळाला जाणारा वाटसरू थांबेल अशा जागी पाणी, सावली, आणि ओटा, ही त्यांच्या कामाची पद्धत नक्की होती. त्या काळी काशीला पायी जाणारा माणूस निम्मा वाटेत मरायचा. धर्मशाळा, विहीर, घाट, अन्नछत्र हे यात्रेकरूसाठी म्हटलं तरी त्याच रस्त्यानं बैलगाडीवाला व्यापारी पण जातो की.

इतिहासाचा_पेपर

बारववाला, तुमच्या कामाला दंडवत. पण "शिलालेख नाही, कागद नाही" हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत त्याबद्दल दोन दंडवत. कारण हल्ली जुनी दगडी विहीर दिसली की पाटी तयार असते.

उदाहरण देतो. साताऱ्याजवळ लिंब गावाची बारा मोटांची विहीर. मला व्हॉट्सॲपवर ती किमान चार वेळा "अहिल्यादेवींनी बांधलेली" म्हणून आली. ती विहीर १७१९ ते १७२४ मधे विरूबाई भोसल्यांनी बांधली. अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५. म्हणजे जन्माच्या आधीच बाईंनी कामाला सुरुवात केली होती! त्र्यंबकेश्वराचं देऊळ पण लोक त्यांच्या नावावर टाकतात, ते नानासाहेब पेशव्यांचं काम. काशीच्या शिखरावरचं सोनं महाराजा रणजितसिंगांचं. देऊळ मात्र नक्की बाईंचं, १७८० च्या सुमारास. सोमनाथचं १७८३. गयेचं विष्णुपद त्यांचंच. वेरूळच्या घृष्णेश्वराला सासूचं आणि सुनेचं दोघींचं नाव येतं.

विरूबाईंचं काम अहिल्याबाईंच्या नावावर टाकलं तर एकीचा मान वाढत नाही, दुसरीचा पुसला जातो. एवढंच.

कोकणी_फणस

बाह्या खाली केल्या.

मृदुला_ठाणे

बापरे, मी झोपले तेव्हा तीन प्रतिसाद होते. विरूबाई हे नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं, खोटं कशाला बोलू.

अहोंना सराफ्यातल्यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते म्हणाले "बघ, तिरपागडा बरोबर बोलतोय." म्हणजे काही फरक नाही.

तिरपागडा

तुमच्या अहोंना नमस्कार सांगा, एकटं वाटत होतं.

बारववाल्यांचं मान्य. रस्त्यावरचं पाणी हे सार्वजनिक काम आहे, ते मी दानधर्मात धरत नाही, ते राज्यकर्त्याचं कामच. पण आता दुसरा मुद्दा. बाई दान करत होत्या तेव्हा त्यांचे सेनापती तुकोजी होळकर उत्तरेत फौज घेऊन फिरत होते आणि पैसे पाठवा पैसे पाठवा म्हणून मागत होते. बाई म्हणायच्या आधीचा हिशेब द्या. महादजी शिंदे तिकडे डी बॉइन ह्या फिरंगी अधिकाऱ्याला धरून कवायती पलटणी उभ्या करत होते. होळकरांनी पण नंतर दुद्रनेक नावाचा फिरंगी ठेवला पण उशिरा. १७९३ ला लाखेरीला शिंद्यांच्या पलटणींनी होळकरांची फौज धुवून काढली. बाई तेव्हा हयात होत्या. आता मला सांगा, घाट बांधायचे पैसे तोफांवर घातले असते तर?

सराफ्यातला

हा प्रश्न तुम्ही आज विचारताय, दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रजानं हाच विचारला होता.

जॉन मालकम. महिदपूरच्या लढाईत, १८१७ ला, होळकरांना हरवणाऱ्या फौजेतला मोठा अधिकारी. म्हणजे आमचा शत्रूच. तो नंतर माळव्यात राहिला, गावोगाव विचारत फिरला आणि १८२३ ला त्याचं माळव्यावरचं पुस्तक छापलं गेलं. त्यात त्यानं होळकरांच्या एका जुन्या कारभाऱ्याला विचारलेलं आहे की बाईंनी एवढा पैसा दानधर्मात घातला तो राज्याच्या संरक्षणावर घातला असता तर बरं नसतं का. त्यावर कारभाऱ्यानं उलट विचारलं की ह्याच्या दुप्पट पैसा फौजेवर घातला असता तरी तीस वर्षं मुलूख असा शांत राहिला असता का, आणि रयत सुखी आणि बाई पूजनीय झाल्या असत्या का? मी माझ्या शब्दात सांगतोय, पण आशय हाच.

म्हणजे पेशवे, निजाम, शिंदे, कुणालाही महेश्वरवर, म्हणजे बाईंच्या राजधानीवर, चालून जायला तोंड नव्हतं. ज्या बाईनं सगळ्यांच्या तीर्थात घाट बांधलाय तिच्यावर हत्यार उचलणार कोण? हे मी श्रद्धेनं नाही, राजकारण म्हणून सांगतोय. सगळ्यात स्वस्त तटबंदी होती ती.

तिरपागडा

उत्तर झकास आहे. पण मालकम आला तेव्हा बाईंना जाऊन (१७९५) वीसबावीस वर्षं झाली होती. मधे यशवंतराव होळकरांच्या काळात माळव्यात नुसती पळापळ. लोकांना मागचं सोन्याचंच दिसणार. आमच्या आईला पण आमच्या लहानपणीचं महागाई नसलेलं जग आठवतं, पगार किती होता ते आठवत नाही.

इतिहासाचा_पेपर

हा मुद्दा योग्य. मालकमनं स्वतःच कबूल केलंय की एवढी स्तुती ऐकून त्याला संशय आला म्हणून त्यानं वेगवेगळ्या लोकांकडे खात्री केली. तरी साक्षीदार तेच, त्या मुलुखातले. धागा असाच चालू द्या, छान चाललाय.

विदर्भाची_सून

मालकमच्या पुस्तकातलं मला आवडतं ते वेगळंच. नांगराला जुंपलेले बैल उन्हात थांबवून त्यांना पाणी पाजायला बाईंचा माणूस शेताशेतावर जायचा. आणि पाखरांसाठी शेतं विकत घेऊन ठेवली होती. शेतकरी पाखरं हाकलणार हे खरंच, मग ती जाणार कुठे, तर ह्या शेतात. शेतकऱ्याला बोल लावला नाही, पाखराला पण उपाशी ठेवलं नाही. मी हे वाचलं त्या दिवशी गच्चीत दाणे टाकायला सुरुवात केली, सोसायटीनं नोटीस दिली.

चहाबिस्कीट

कबुतरं आली असतील. बाईंच्या काळी सोसायटी नव्हती म्हणून निभावलं.

लेस्टरकर

मी इंग्लंडात राहतो. इथे राजघराण्यातला जो तो पाचपन्नास संस्थांचा आश्रयदाता असतो, म्हणजे नाव देतो, फीत कापतो, पैसे लोक देतात. डायनाचं वेगळं होतं, १९९७ च्या जानेवारीत ती अंगोलात सुरुंगाच्या शेतातून चालली आणि त्या एका फोटोनं जे झालं ते शंभर भाषणांनी झालं नसतं. त्याच वर्षी सुरुंगबंदीचा करार झाला, ती ते बघायला नव्हती. पण तिचं काम म्हणजे लोकांचं लक्ष वळवणं. तुमचा धागा वाचताना वाटलं की अहिल्याबाईंचा तर जिवंतपणीचा खात्रीचा फोटो सोडा, चित्र पण आपल्या डोक्यात एकच, ती पिंड घेतलेली. (शांभवीची पोळी वाचून चहा सांडला.)

कोकणी_फणस

इंग्लंडहून थेट काशी. धागा कुठे चाललाय!

नानी_वसुधा

मी सत्तरीची आहे, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे पैशाचं बोलताय. मी विधवा आहे, तेरा वर्षं झाली, त्यामुळे मला दुसरं दिसतं. खंडेराव १७५४ ला कुंभेरीच्या वेढ्यात गेले तेव्हा ही बाई अठ्ठावीस वर्षांची. सती निघाली होती, सासऱ्यांनी अडवलं. मग सासरा गेला, वर्षभरात मुलगा मालेराव गेला. आणि मग ती गादीवर बसली. बिनवारशी विधवेची मालमत्ता सरकारजमा करायची त्या काळी रीत होती, ती ह्या बाईनं चालू दिली नाही. खरगोणच्या श्रीमंत सावकारांच्या विधवांनी आपणहून सगळी दौलत आणून दिली तर ती घेतली नाही, म्हणाली तुमच्याच हातानं लोकोपयोगी कामाला लावा. हे दान नाही का? न घेणं हे सुद्धा दानच की.

पण मला एक गोष्ट खुपते आणि कुणाशी बोलायला मिळत नाही म्हणून इथे लिहिते. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुलगी मुक्ता सती गेली. आईनं पाया पडून विनवलं. मुलगी म्हणाली तू म्हातारी झालीस, तुझे दिवस थोडे, माझा नवरा मुलगा गेले, मी कशाच्या आधारावर राहू. चितेपाशी आईला दोघांनी दंडाला धरून उभं केलं होतं असं त्या इंग्रजानं लिहिलंय. ज्या सासऱ्यानं हिला अडवलं त्याच्याकडे काय होतं जे हिच्याकडे नव्हतं? सगळा हिंदुस्थान जिचं ऐकत होता तिचं घरात चाललं नाही. मला उत्तर नको आहे. फक्त पूजनीय पूजनीय म्हणताना ही बाई त्या दिवशी काय होती ते पण आठवा.

विदर्भाची_सून

नानी, काही लिहावंसं वाटत नाहीये. वाचलं एवढं कळावं म्हणून.

तिरपागडा

नानी, नमस्कार. माझ्याकडून ह्या मुद्द्यावर वाद नाही.

भंडारा_उधळा

सगळे बाई बाई काय लावलंय, अहिल्यादेवी म्हणा. पुण्यश्लोक म्हणा. आमच्या समाजाचं दैवत आहे, आणि इतकी वर्षं आमच्या समाजाला काय मिळालं ते पण बोला ना, आरक्षणाचं काय झालं

सराफ्यातला

दादा, आदर आहेच. इंदूरला आम्ही "माँसाहेब" म्हणतो, जुने कागद "बाई" आणि "मातुश्री" म्हणतात. त्या काळी "बाई" हा मानाचाच शब्द, जिजाबाई, येसूबाई. आज तो कामवालीला लावतात म्हणून खटकतो, ह्यात अहिल्याबाईंचा काय दोष.

व्यवस्थापक

आरक्षण ह्या विषयाला वेगळा धागा आहे, तिथे लिहा. इथे जातीवरून एकही प्रतिसाद वाढला तर धागा कुलूपबंद होईल. बाई/देवी दोन्ही चालेल.

सदाशिव_सीए

आकड्यातला माणूस आहे, इतिहास जेमतेम पास. पण धागालेखिकेच्या "काय उरलंय" ह्या प्रश्नावर कुणी आलंच नाही.

देऊळ बांधणं हा एकदाचा खर्च. खरा खर्च नंतरचा, दिवा, नैवेद्य, पुजारी, झाडलोट, गळती. बाईंनी बहुतेक ठिकाणी बांधकामाबरोबर सालीना नेमणूक लावून दिली, कुठे जमीन, कुठे गावाचं उत्पन्न, कुठे खासगीतून रोख. दूर दक्षिणेतल्या देवांना सुद्धा दरवर्षी गंगेच्या कावडी जायच्या, त्याचा पण खर्च बांधलेला. ह्याला आम्ही कॉर्पस म्हणतो. आमच्या क्लाएंट ट्रस्टांपैकी दहातल्या आठांना हे समजावताना माझे केस गेले. सभागृह बांधतात, दगडावर देणगीदारांची नावं, दोन वर्षांनी नळ गळतो तर प्लंबरला द्यायला पैसे नसतात.

आणि पुढचं ऐका. संस्थान विलीन झालं, मग १९६२ साली खासगीच्या मिळकतींचा इंदूरला ट्रस्ट झाला. देशभर अडीचशेच्या आसपास मिळकती, घाट, देवळं, धर्मशाळा. त्यातल्या काही विकल्या गेल्यावरून कोर्टकज्जे झाले, हायकोर्ट झालं, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०२२ ला निकाल आला की हा सार्वजनिक न्यास आहे, रीतसर नोंदणी करा. म्हणजे मृदुलाताई, तुमच्या अहोंचा प्रश्न, पैसा कुणाचा, खुद्द सुप्रीम कोर्टापुढे एका अर्थानं होताच. नाव खासगी, मालमत्ता सार्वजनिक. हे वाचून मला पण गंमत वाटली.

मृदुला_ठाणे

सदाशिवकाका!!! हे मी आत्ताच्या आत्ता वाचून दाखवते.

मृदुला_ठाणे

वाचलं. अहो म्हणाले "हां, हे ठीक आहे." लग्नाला चौदा वर्षं झाली, ह्यापेक्षा मोठी कबुली मी ऐकलेली नाही.

तिरपागडा

माझीही घ्या मग. "नाव खासगी, मालमत्ता सार्वजनिक" ह्यावर मी आजपुरता थांबतो. लाखेरी मात्र सोडत नाही.

सोलापुरी_चादर

माझ्या डिग्रीवर "पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ" असं छापलंय. फॉर्मच्या रकान्यात मावत नाही. इंटरव्ह्यूला एकानं विचारलं हू वॉज शी, मी म्हटलं क्वीन, टेंपल्स. आज धागा वाचून लाज वाटली. पंढरपुरात महाद्वाराजवळ होळकर वाडा आहे, आत राममंदिर आहे, लहानपणी वारीत तिथे झोपलोय सुद्धा, पण तो ह्याच बाईंचा हे डोक्यात कधी जोडलं गेलं नाही.

जामखेडचा

चौंडी माझ्या गावापासून जवळ आहे. मे २०२५ ला तिथे मंत्रिमंडळाची बैठक झाली, सगळे मंत्री, हेलिपॅड, रस्ते एका रात्रीत काळेभोर. चांगलं झालं, रस्ते राहिलेत. जयंतीला लाखभर माणूस येतं, पिवळे झेंडे, ढोल, भंडारा, खरंच अंगावर काटा येतो. पण त्याच मे महिन्यात आमच्या वस्तीवर टँकर येतो. मी हंड्यासाठी रांगेत उभा असतो आणि डीजेवर बाईंनी किती विहिरी बांधल्या त्याचं गाणं चालू असतं. तक्रार म्हणून नाही, असं आहे म्हणून सांगतो.

बारववाला दादा, तुमचा ग्रुप जामखेडकडे येईल का? आमच्या शिवारात एक बारव आहे, बाभळी उगवल्यात आत. कुणी बांधली ते कुणाला माहीत नाही, पाटी नाही.

इतिहासाचा_पेपर

पाटी नसेल तर लावू पण नका, आधी फोटो पाठवा. कोनाड्यात कुठे अक्षरं असतील तर चुना फासू नका, घासू पण नका.

महेश्वरी_वेडी

उशिरा आले. कुणीच साड्यांचं लिहिलं नाही?? बाईंनी बाहेरून विणकर आणून महेश्वरला वसवले, आलेल्या गेलेल्यांना भेट द्यायला साड्या आणि पागोटी तिथेच विणून घ्यायच्या. पुढे धंदा बसत आला होता तो होळकरांच्याच घरातल्या लोकांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी रेहवा सोसायटी काढून परत उभा केला. घाटाच्या कठड्यावरची नक्षी साडीच्या काठात असते, जाऊन बघा. घाटावर पाय सोडून बसलं की मागे किल्ल्यातून मागाचा खटखट आवाज येतो. देवळात रोज दिवा लागतो ते वारसा असेल, पण माझ्या मते रोज माग चालतो तो जास्त. माझ्याकडे सात आहेत. नवऱ्याला पाचच माहीत आहेत.

चहाबिस्कीट

वाचतोय तो हा धागा.

महेश्वरी_वेडी

मेले.

बारववाला

जामखेडचा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. बाभळी असतील तर पहिला दिवस कोयते आणि कुऱ्हाडीचाच, मुळं ओढून काढायची नाहीत, दगड निसटतात, बुंध्याशी कापून सोडायची. साप असतातच, तेव्हा गमबूट. ह्या नाही पुढच्या रविवारी सकाळी सात. तिरपागडा, तुम्ही पण या, वाद तिथेच खाली बसून घालू, सावली असते. आमच्याकडे घमेली कमी आहेत, ज्याच्याकडे असतील त्यानं घेऊन या.

तिरपागडा

दोन घमेली आणि एक फावडं आहे. येतो.